पणजीचं नाव काय?

अ‍ॅडमिशनच्या वेळी आपल्यापैकी कित्येकांनी व्हॅलिडिटीसाठी चपला झिजवल्या आहेत. मी ओबीसी, म्हणून मला १९६७ पूर्वीचा पुरावा हवा होता. आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूचा गाव नमुना चौदा, मोडीतला एक कागद, असं करत करत पणजोबांपर्यंत पोचलो. सर्टिफिकेट हातात आलं, झेरॉक्स फाइलला लागली आणि पूर्वज परत ट्रंकेत गेले. पूर्वजांशी माझा संबंध एवढाच!

मी आंबोलीचा. गेल्या मे महिन्यात काकांच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. इंग्लंडहून आलेलं एक वयस्कर जोडपं गाडीतून उतरलं. काकांनी त्यांच्या ड्रायव्हरला सांगितलं, "ह्यो आमचो इंजिनेर आसा, ह्येका इचारा." झालं, दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

बाईंच्या हातात जाडजूड फाइल होती. त्यांचे एक पूर्वज १८४० च्या सुमाराला बेळगावच्या छावणीत सार्जंट होते. त्यांच्या लेकराच्या बाप्तिस्म्याची नोंद फाइलमध्ये होती. मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांनी केलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती तेव्हा लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि बऱ्याचशा घरबसल्या इंटरनेटवर पाहता येतात. भारतात राहिलेल्या ब्रिटिश कुटुंबांचा शोध घेणाऱ्यांची 'फिबिस' नावाची एक संस्थासुद्धा १९९८ पासून आहे. मी तर थक्कच झालो. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा हुद्दा, लेकराची जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, पाद्र्याचं नाव, सगळं जागच्या जागी!

फक्त आईच्या रकान्यात एकच शब्द होता, 'मेरी'. आडनाव नाही, गाव नाही. ती इथलीच मुलगी असावी, धर्म बदलताना नाव बदललं असावं, असं बाईंना वाटत होतं. घरात चालत आलेली गोष्ट एवढीच, की ती घाटमाथ्यावरच्या 'अंबोली'ची होती. "हिचं खरं नाव कुठे मिळेल?" असं त्यांनी मला विचारलं.

मी काय सांगणार? तेव्हा आंबोली सावंतवाडी संस्थानात होती. १९४८ नंतर ती रत्नागिरी जिल्ह्यात आली आणि १९८१ पासून सिंधुदुर्गात. बेळगाव तर १९५६ साली दुसऱ्या राज्यात गेलं. कागद चार ठिकाणी फिरले, हे एक. पण ते सगळे जरी एका टेबलावर आणले, तरी त्यात खातेदार सापडतील, म्हणजे बहुतेक पुरुषच. १८८० च्या दशकात आंबोलीला थंड हवेचं ठिकाण करणाऱ्या कर्नल वेस्ट्रॉपचं नाव आजही सगळे घेतात. मेरीचं नाव कोण घेणार?

अशीच एक बाई सुरतेची, इलायझा केवार्क. कंपनीचा व्यापारी थिओडोर फोर्ब्सच्या घरी ती राहत होती. कागदोपत्री तिची ओळख आर्मेनियन. तिची मुलगी लहानपणीच ब्रिटनला गेली आणि त्या मुलीच्या वंशात पुढे प्रिन्सेस डायना जन्मली. मायटोकाँड्रियातला डीएनए फक्त आईकडूनच मिळतो. २०१३ मध्ये तिच्या लेकींच्या ओळीतल्या वंशजांची चाचणी झाली, तेव्हा भारतीय धागा सापडला. रजिस्टरने वगळलेली आई पेशीने मात्र जपून ठेवली होती.

त्या रात्री मी आजीला विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय गं?" आजी म्हणाली, "माका खय ठावक बाबा! सगळी तिका वयनीच म्हणीत." मग तिने स्वतःचं लग्नाआधीचं नाव सांगितलं. वीस वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली, आणि ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. इथे छापत नाही, कारण "पुस्तकात बिस्तकात घालू नको हां" अशी तिची सक्त ताकीद आहे.

कुणी म्हणेल, साहेबांना पेन्शन आहे, वेळ आहे, आपल्याला सबमिशनं आहेत. मान्य! पण आपण तरी कुठे वेगळे आहोत? जुने कुलवृत्तांत उघडून बघा. मुलग्यांच्या फांद्या पसरत जातात, मुलीची फांदी बहुधा लग्नापाशी खुंटते. व्हॅलिडिटीच्या वंशावळीतही आपण बापाकडूनच वर चढतो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आईचं नाव लागतं, हे चांगलंच झालं. पण त्याआधीच्या आयांचं काय? त्या कुठल्याच सर्व्हरवर नाहीत. आपल्या आज्यांच्या डोक्यात आहेत, आणि माझ्या पणजीच्या बाबतीत तर तिथेही नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. या सुट्टीत घरी गेलात की आजीजवळ बसा. तिचं माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव, त्यांची गावं विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. वही नसेल तर जर्नलची मागची पानं कोरीच असतात.

त्या बाईंना मी ईमेल दिलाय. मेरीचा पत्ता अजून लागलेला नाही. पण आजीच्या माहेरी तिची एक चुलत बहीण आहे, नव्वदीची. दिवाळीत आधी तिच्याकडे जाणार आहे.