चाकांच्या घराला पाया कशाला?

परवा सकाळच्या कट्ट्यावर एक गृहस्थ मुलाचे अमेरिकेतले फोटो दाखवत होते. मुलाने ट्रॅव्हल ट्रेलर घेतला आहे. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, गाडीमागे जोडून ओढत न्यायचे घर. सून-मुलगा घराचे बांधकाम पुरे होईपर्यंत, म्हणजे सात-आठ महिने, त्यातच राहणार आहेत. मी सहज विचारले, "उभा कसा केलाय? खाली काय लावलंय?" तर सगळे हसले. "अहो मास्तर, चाकांच्या घराला पाया कशाला?"

हसण्याचे मला काही वाटत नाही. आयुष्यभर चाळीस-चाळीस पोरांपुढे उभा राहिलेला माणूस मी, हसू अंगावर घ्यायची सवय आहे. पण त्या वाक्याचा मात्र राग आला. घरी येऊन हे लिहायला बसलो, ते त्याच रागात.

कारण त्या वाक्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये टेक्सासला हार्वे वादळ आले. ह्यूस्टन आणि आसपास काही ठिकाणी चार दिवसांत चाळीस इंचांहून अधिक पाऊस झाला. माझ्या लेकीच्या घरात मांडीभर पाणी शिरले. खालचा मजला, स्वयंपाकघरासकट, उखडून काढावा लागला. आम्ही दोघे नोव्हेंबरमध्ये तिच्या मदतीला गेलो. तेव्हा तिच्या दारात एक पंचवीस फुटी ट्रेलर उभा होता. स्वयंपाक त्यात, आणि सौ.च्या गुडघ्यांना जिना झेपत नसल्यामुळे आम्हा दोघांचे झोपणेही त्यातच.

तो ट्रेलर कसा उभा केला, ते जावयांनी सांगितले. आणून देणारा माणूस घाईत होता. मोटार बाहेर निघायला जागा राहावी म्हणून त्याने ट्रेलरची डावी चाके काँक्रीटवर ठेवली आणि उजवी हिरवळीवर. तिथली फरशी रस्त्याकडे उतरती असते. याने चाकांना अटकाव न लावताच ट्रेलर गाडीपासून सोडवला. तो हातभर पुढे घसरला आणि त्याच्याच गाडीवर जाऊन आदळला. साधारण तीन टनांचे वजन! मध्ये कोणी उभे नव्हते, एवढेच नशीब. मग त्याने चारही कोपऱ्यांचे जॅक यंत्राने भराभर खाली सोडले, उजवी बाजू त्यांच्यावरच उचलून सरळ केली आणि म्हणाला, झाले. सगळा कारभार दहा मिनिटांचा.

पंधरा दिवसांत पाऊस पडला. ह्यूस्टनची माती चिकण. पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. आपल्याकडच्या काळ्या मातीची सख्खी बहीणच म्हणा. हिरवळीवरचे जॅक रुतले. ट्रेलर एका अंगाला कलला, चालताना डोलू लागला. जावयांनी फोन केला तर उत्तर आले, "जॅक आणखी आवळा." त्यांनी आवळले. दरवाजा चौकटीत अडकू लागला.

आणि एके दिवशी सकाळी जावई पायरी चढून आत आले, तशी जमीन हलली, गॅसवरचे पातेले सरकले आणि उकळता चहा सौ.च्या पावलावर पडला.

ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, घर हललं."

आम्ही लातूर जिल्ह्यातले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या तोंडी "घर हललं" हे दोन शब्द साधे नसतात. तिचे पाऊल वीस दिवसांत बरे झाले. पण पुढे कितीतरी रात्री ती ट्रेलरमध्ये भिंतीला हात लावून झोपत असे.

आता मुद्द्याचे बोलतो. ट्रेलर म्हणजे काय? बैलगाडी! पुढे बैलांऐवजी पिकअप, एवढाच फरक. माझे वडील दोन यत्ता शिकलेले. पण बैल सोडण्याआधी चाकाला दगड आणि जुवाखाली टेकण, हा क्रम त्यांनी जन्मात कधी चुकवला नाही. बैल सुटले की गाडीला धरून ठेवणारे कोणी उरत नाही, हे समजायला इंजिनियर व्हावे लागत नाही. मग लाखो रुपयांचे घर ओढत आणणाऱ्याला हे का समजू नये?

दुसरी गोष्ट त्या कोपऱ्यांच्या जॅकची. ते आहेत डोलणे थांबवण्यासाठी, घर उचलण्यासाठी नव्हे. वजन चाकांनी घ्यायचे, जॅकने फक्त हात लावून ठेवायचा. लहान मूल सायकल शिकते तेव्हा आपण मागून धरतो ना, तसे. सायकल उचलून धरली तर मूल शिकणार काय आणि आपली पाठ राहणार काय? कोपऱ्यांवर भार घातला की खालचा लोखंडी सांगाडा पिळवटतो, मग चौकट तिरकी होते आणि दार अडकते. "आणखी आवळा" हा सल्ला म्हणजे ताप आलेल्याला आणखी एक गोधडी!

शेवटी जावयांनी आणि मी एक रविवार काढला. शेजाऱ्याची गाडी जोडून आधी अख्खा ट्रेलर काँक्रीटवर घेतला. मोटार राहिली रस्त्यावर, राहू दे. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच आडवी पाणसळ पाहिली आणि सखल बाजूच्या चाकांखाली फळ्या घातल्या. टायरची पूर्ण रुंदी फळीवर हवी, अर्धा टायर बाहेर लोंबता कामा नये. मग प्रत्येक बाजूच्या चाकांना पुढून-मागून अटकाव. त्यानंतरच गाडी सोडवली. पुढच्या दांड्याच्या जॅकने लांबीची पातळी साधली. मग सांगाड्याच्या दोन्ही लांब तुळयांखाली, चाकांच्या थोडे पुढे आणि थोडे मागे, सिमेंटचे ठोकळे रचले. पोकळ ठोकळ्यांची भोके आकाशाकडे हवीत, आडवे ठेवले तर भाराने फुटतात. वर लाकडाची फळी आणि बारीक पाचर. कोपऱ्यांचे जॅक सर्वांत शेवटी, टेकतील इतपतच. चाके अधांतरी केली नाहीत, काही भार त्यांच्यावर राहू दिला.

किती वेळ लागला? साडेतीन तास. त्यानंतर दर रविवारी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाणसळ ठेवून पाहणे, हे काम माझ्याकडे आले. पाच मिनिटांचे काम. एप्रिलपर्यंत एकदाही चुकवले नाही.

कोणी म्हणेल, एवढे कशाला, लोक दोन दिवसांच्या सहलीला नेतात तेव्हा काय ठोकळे रचतात? नाही रचत आणि गरजही नाही. पण अटकाव मात्र दोन दिवसांनाच काय, दहा मिनिटांनाही हवा. आणि राहायचे असेल सहा महिने, तर नियम घराचे लागतील. गॅसवर चालणारा तिथला फ्रीजसुद्धा फार कललेला चालत नाही. त्यातला द्रव उतारानेच फिरतो, तो अडला की फ्रीज कायमचा निकामी. कोणी म्हणेल, मग ठोकळे लावले की वादळाचीही भीती नाही? तेही खोटे. ठोकळे भार पेलतात, वारा अडवत नाहीत. त्यासाठी जमिनीत खुंट रोवून पट्ट्यांनी बांधावे लागते. आणि खरे वादळ येणार असेल तर ट्रेलर सोडून पक्क्या आसऱ्याला जाणे, हाच शहाणपणा.

पण माझे खरे भांडण जॅकशी नाही, त्या आणून देणाऱ्या माणसाशीही नाही. माझे भांडण "तात्पुरते" या शब्दाशी आहे. २००५ च्या कतरीना वादळानंतर तिथल्या सरकारने बेघरांना असेच ट्रेलर दिले होते, तात्पुरते म्हणून. न्यू ऑर्लिन्समधला शेवटचा ट्रेलर हलला २०१२ मध्ये. भूकंपानंतर मी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग घेतला. तोही तात्पुरताच होता. पहिलीत आलेली पोरे त्याच पत्र्याखाली चौथी पास होऊन गेली. त्या शेडचा एक खांब पहिल्या दिवसापासून हलत होता. मी तीनदा लेखी कळवले. उत्तर ठरलेले, "गुरुजी, तात्पुरतं आहे." शेवटी मीच गावातल्या एका गवंड्याला धरून आणला आणि खड्ड्यात मुरूम-सिमेंट भरून घेतले.

आपण "तात्पुरते" म्हणतो तेव्हा मनात काळ नसतोच. मनात असते ती बेफिकिरी. आत राहणाऱ्या माणसाचा चहा तात्पुरता उकळत नाही, आणि त्याचा पायही तात्पुरता भाजत नाही.

उद्या कट्ट्यावर त्या गृहस्थांना गाठणार आहे. मुलाला एवढेच विचारा म्हणेन, चाकांना अटकाव लावलाय का, आणि पाणसळ शेवटची कधी ठेवली होती. हसायचे असेल त्यांनी खुशाल हसावे.

फोन मात्र आजच करावा.