दाढी, मास्क आणि दातांची पट्टी

सातारा जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. त्या लिहितात, "माझे पती ४८ वर्षांचे आहेत, ट्रक चालवतात. घोरणे तर लग्नापासूनचेच, पण गेली दोन वर्षे घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो. मी घाबरून हलवते, मग मोठा आचका देऊन श्वास सुरू होतो. फजरच्या अजानला आपणहून उठणारा माणूस आता तीन हाका मारल्या तरी उठत नाही. घरातले आळशी म्हणतात. पुण्यात झोपेची चाचणी केली, आकडा २२ आला. डॉक्टरांनी रात्री लावायचे मशीन सांगितले. मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला, दाढीमुळे मास्कमधून हवा सुटते, दाढी काढा. यांनी मशीनच कपाटात ठेवले. आता गावातले दातांचे डॉक्टर म्हणतात, तोंडात घालायची पट्टी करून देतो, मशीनची गरज नाही. शेजारी म्हणतात, तशी पट्टी मोबाईलवर स्वस्तात मिळते. काय करावे?"

भगिनी, पहिली गोष्ट घरच्यांसाठी. हा आळस नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो, की पुन्हा तेच. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. माणसाला सकाळी यातले काही आठवत नाही. आठ तास अंथरुणात काढूनही तो न झोपल्यासारखाच उठतो. २२ हा आकडा म्हणजे तासाभरात २२ वेळा, किमान दहा-दहा सेकंद, श्वास थांबला किंवा अगदी उथळ झाला. सरासरी दर पावणेतीन मिनिटांना एकदा. अशा माणसाला फजरसाठी टोमणे मारण्याआधी घरच्यांनी हा हिशेब डोळ्यांसमोर आणावा.

५ ते १५ आकडा असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. आपल्या पतींचा मध्यम आहे. उपचार न केल्यास रक्तदाब वाढतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. ट्रक चालवणाऱ्याला तर आणखी एक धोका आहे, तो आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून उपचार नीट बसेपर्यंत रात्रीची गाडी नको. मालकाशी बोलून दिवसाच्या जवळच्या फेऱ्या घ्या, आणि दिवसाही डोळे जड वाटले तर गाडी बाजूला लावा. रोजीचा प्रश्न आहे हे मला कळते, तरीही सांगतो.

आता मशीन. त्याला सीपॅप म्हणतात. सिडनीतल्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी १९८१ मध्ये ते जगापुढे आणले. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकातून आत सोडायची, म्हणजे घसा आतून उघडा राहतो, एवढीच युक्ती. श्वास थांबण्याचे प्रमाण खाली आणण्यात त्याची बरोबरी पट्टी करत नाही. मी स्वतः दातांचा डॉक्टर असूनही हे लिहितो आहे, कारण आमच्यापैकी काही जण हे सांगायचे विसरतात.

दाढीचा सल्ला मात्र अर्धवट होता. नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क दाढीवर नीट चिकटत नाही, हे खरे. पण मास्क एकाच प्रकारचा नसतो. फक्त नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या मऊ रबरी गाद्यांचाही मास्क मिळतो. तो दाढीला लागत नाही. झोपेत तोंड उघडे राहत असेल तर हनुवटीखालून एक पट्टा लावतात. नाक चोंदलेले असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून त्याचा इलाज करून घ्यावा. तेव्हा मशीन विकण्याआधी ते एकदा कपाटातून काढा आणि मास्क बदलून महिनाभर वापरून पाहा. दाढी ठेवूनच.

तरीही जमले नाही, तर पट्टीचा विचार जरूर करावा, आणि त्यात कमीपणा काही नाही. रोज रात्री तोंडात राहणारी पट्टी ही कपाटात पडलेल्या मशीनपेक्षा केव्हाही बरी. पट्टीचे दोन भाग असतात, एक वरच्या दातांवर, एक खालच्या. दोन्ही मिळून खालचा जबडा थोडा पुढे धरतात. जबड्याबरोबर जीभही पुढे येते आणि घशामागची वाट मोकळी राहते. सौम्य आणि मध्यम आजारात, आणि ज्यांना मशीन सोसत नाही अशांना, हा मान्य झालेला उपचार आहे.

पण ती करून देणाऱ्याने आधी तोंड नीट तपासले पाहिजे. वरच्या आणि खालच्या जबड्यात साधारण आठ-दहा तरी मजबूत दात हवेत. हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे असतील तर पट्टी ते आणखी सैल करील. किडलेले दात भरणे, कॅप, ब्रिज हे सगळे आधी उरकावे, कारण दाताचा आकार बदलला की पट्टी बसत नाही. खालचा जबडा किमान पाच मिलिमीटर पुढे येतो का, कानाजवळचा सांधा दुखतो का, हेही पाहायचे असते.

आणि गुटखा. आपले ड्रायव्हर बांधव जागे राहायला तो तोंडात धरतात. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. दोन बोटे जेमतेम जातील एवढ्या तोंडातून माप घ्यायचे कसे आणि पट्टी घालायची कशी? शिवाय ती कातडी पुढे कर्करोगाकडे जाऊ शकते. आपल्या पतींना ही सवय असेल तर पट्टीच्या आधी तिच्याबद्दल बोलू.

तोंड चांगले असेल तर डॉक्टर दातांचे माप घेतात आणि जबडा जेवढा पुढे येऊ शकतो त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करतात. मग काही आठवडे स्क्रू फिरवून थोडा थोडा पुढे नेतात. सुरुवातीला लाळ सुटते, जबडा अवघडतो, सकाळी दातावर दात बसत नाहीत. हे बहुधा थोड्या वेळात जाते. हळूहळू दात आवळायचा-सोडायचा व्यायाम केल्याने लवकर जाते. वर्षानुवर्षांच्या वापराने मात्र दातांची ठेवण थोडी सरकू शकते, म्हणून पहिल्या वर्षी सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी हवी. पट्टी धुवायला साधे थंड पाणी आणि मऊ ब्रश पुरे. वुजूच्या गरम पाण्यात ती बुडवू नका, वाकडी होईल.

सर्वांत महत्त्वाची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. पट्टी नीट बसली की ती तोंडात ठेवूनच झोपेची चाचणी पुन्हा करायची. घोरणे थांबले म्हणजे श्वास थांबणे थांबले असे नाही. घर शांत झाले म्हणून सगळे खूश होतात आणि प्राणवायू मात्र आतून उतरतच असतो. २२ चा आकडा कितीवर आला, हे कागदावर दिसले पाहिजे. गावातल्या डॉक्टरांनी जुना अहवाल मागितला का, झोपेच्या डॉक्टरांशी बोलले का, दुसऱ्या चाचणीचे नाव काढले का? तिन्हींचे उत्तर नाही असेल तर दुसरा दवाखाना पाहा. खर्च पेलत नसेल तर मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करता येईल.

गरम पाण्यात टाकून स्वतःच चावून बसवायच्या ऑनलाइन पट्ट्यांबद्दल एवढेच, की त्या नीट बसत नाहीत, जबडा कितीही ओढतात आणि त्यांचा परिणाम कोणी मोजत नाही. ट्रक चालवणाऱ्याने त्यांच्या भरवशावर राहू नये.

रमजानबद्दल बरेच जण विचारतात. तरावीहनंतरची झोप आणि सहरीनंतरची झोप, दोन्ही वेळा मशीन किंवा पट्टी लावायचीच, तुकड्यातुकड्यांची झोप म्हणून सूट नाही. रोजात दुपारी झोपताना लावावी का, हा मसला आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा. मात्र त्यांना नीट माहिती द्या. मशीन साधी हवा सोडते, पाण्याची वाफ देणारा भाग वेगळा असतो आणि तो बंद ठेवता येतो, आणि पट्टी म्हणजे नुसते धुतलेले प्लॅस्टिक, तिच्यात औषध नसते. हजला जाणाऱ्यांनी मुजदलिफाच्या रात्रीचा विचार आधीच करावा. उघड्या आभाळाखाली प्लग कुठून आणणार? मशीनला बॅटरी घ्यावी लागते, पट्टी खिशातल्या डबीत मावते.

उजव्या कुशीवर झोपण्याची सुन्नत आपल्याकडे आहेच. उताणे झोपल्यावर हा आजार बहुधा वाढतो, त्यामुळे कुशीचा फायदा होतो. वजन कमी केल्यानेही होतो. पण २२ चा आकडा तेवढ्यावर सोडून देऊ नका. आणि झोप येत नाही म्हणून झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने मुळीच नकोत.

घरातल्या अम्मी, खाला यांच्याबद्दलही एक सांगणे. बाई घोरते हे सांगायची लाज वाटते, आणि पाळी गेल्यानंतर हा आजार स्त्रियांतही वाढतो. सकाळचे डोके दुखणे, दिवसभराचा थकवा यांवर वर्षानुवर्षे रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या जातात. त्यात मिश्री लावून लावून हिरड्या गेलेल्या, तोंडात कवळी. कवळीवर जबड्याची पट्टी टिकत नाही. त्यांच्यासाठी मशीनच बरे, आणि त्यांना दाढीची अडचणही नाही.

भगिनी, पतींसोबत झोपेच्या डॉक्टरांकडे जाताना चाचणीचा पूर्ण अहवाल न्या आणि त्यात प्राणवायू सर्वांत खाली कितीपर्यंत गेला ते विचारा. तो फारच खाली गेला असेल तर ते मशीनचाच आग्रह धरतील, आणि तो मानावा. रात्री श्वास थांबतो त्याचे मिनिटभराचे चित्रण मोबाईलवर करून ठेवा. पतींना ते आधी दाखवा.