तलवारीचं अक्षर मथळ्यापुरतंच ठेवा

१२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, सिंदखेड राजात या. जिकडेतिकडे फ्लेक्स आणि त्यावर तेच जाड, टोकदार, तलवारीच्या धारेचं अक्षर. ‘जय जिजाऊ’ हे दोन शब्द त्यात झकास दिसतात, मलाही आवडतात. माझं भांडण त्याखालच्या चाळीस शब्दांशी आहे. वेळ, जेवणाची जागा, गाडी कुठून सुटणार, सगळं त्याच अक्षरात!

देवनागरीत घ आणि ध, म आणि भ यांच्यात मोठा फरक कसला, तर शिरोरेषेतल्या फटीचा. रेघ जाड केली की फट बुजते. अनुस्वार नक्षीत हरवतो. मी कोड लिहितो. शून्य आणि इंग्रजी ओ सारखे दिसले तरी आमच्याकडे लोक फॉन्ट बदलतात. इथे आजीला गाडीची जागा वाचता येत नाही आणि आपण म्हणतो, काय भारी लुक आहे!

आणि त्याला ‘शिवकालीन’ तर म्हणूच नका. तेव्हा दफ्तरात मोडी चालायची, बोरू कमीत कमी उचलून भराभर लिहायची लिपी. युरोपातलं काळंकुट्ट ब्लॅकलेटर घ्या. गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास अख्खं बायबल त्यात छापलं, कारण वाचणाऱ्यांची नजर त्यावरच पोसलेली होती. आज ते काही वर्तमानपत्रांच्या नावात आणि बिअरच्या लेबलांवर उरलंय. त्याच पेपरांत खालची बातमी मात्र साध्या अक्षरात असते.

फ्लेक्सवाले भाऊ, नाव खुशाल तलवारीत ठेवा. वेळ आणि पत्ता ‘मुक्ता’त टाका. फुकट मिळतो.