स्वस्त शिकारीचा हिशेब

सुशिक्षित माणसाला एखादी हौस पुरवावीशी वाटली, म्हणजे तो प्रथम तिच्यासाठी एक सिद्धान्त शोधून काढतो. अशिक्षिताला हा व्याप नसतो. तो हौस पुरवून मोकळा होतो. हरणाच्या शिकारीसंबंधाने असाच एक सिद्धान्त आमच्या मराठवाड्यातील पदवीधर तरुणांच्या बैठकीत अलीकडे ऐकू येऊ लागला आहे. तो थोडक्यात असा : शिकार हा आजवर नबाबांचा व संस्थानिकांचा मक्ता होता, लोकशाहीच्या काळात तो सामान्य माणसास, आणि तोही त्याच्या खिशाला परवडेल अशा बेताने, खुला झाला पाहिजे. अमेरिकेत साधा कारकून जुनी बंदूक विकत घेऊन हंगामात हरीण मारतो आणि वर्षभराचे मांस घरात साठवितो. मग आमच्याच तरुणाने काय पाप केले आहे? शिवाय हरणे शेतकऱ्याचे पीक खातात. तेव्हा परवाने द्यावेत, म्हणजे तरुणाची हौस भागेल, शेतकऱ्याचे पीक वाचेल आणि सरकारच्या तिजोरीतही चार पैसे पडतील.

एका दगडात तीन पक्षी मारणारा हा सिद्धान्त ऐकावयास गोड आहे. त्याची परीक्षा मात्र नकाशावर न करता एखाद्या खऱ्या शिवारात करावी असे आम्हास वाटते. त्यासाठी आम्ही बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडचे शिवार घेतो. दक्षिणेस बालाघाटाची रांग, तालुक्यात सिंदफणेवरील माजलगावचे धरण. जेथे पाणी पोहोचले तेथे ऊस, जेथे पोहोचले नाही तेथे कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा. आणि या दोहोंच्या मध्ये दिवसेंदिवस आखडत चाललेली माळराने व गायराने. या माळांवर जो प्राणी कळपाने हिंडतो त्याला गावकरी हरीण म्हणतात. शास्त्राच्या भाषेत तो हरीण नव्हे. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणे. त्यांची शिंगे वर्षाकाठी गळून नवी येतात. माळावरचा प्राणी म्हणजे काळवीट, क्वचित चिंकारा. त्याचे शिंग एकदा आले की जन्मभराचे. हा भेद केवळ पंडिती नाही. खरे हरीण झाडीच्या आश्रयाने जगते. काळविटाला झाडीचा आश्रय नाही. उघडे माळ, लांबवर पोहोचणारी नजर आणि ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत जाणारा वेग, एवढीच त्याची संपत्ती. माळ गेला की लपावयास त्याला दुसरे घर नाही. मादी एका वेळी बहुधा एकच पाडस देते. ज्याला शिकारी हेरतो तो पिळदार शिंगांचा काळा नर म्हणजे कळपातील सर्वांत सबळ नर होय. उत्तम तेवढे मारावे आणि दुबळे तेवढे वंशवृद्धीस ठेवावे, ही रीत कोणताही गोपालक आपल्या गोठ्यात चालू देणार नाही.

आता कायद्याकडे पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळवीट व चिंकारा या दोघांनाही पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. त्यांची शिकार करणारास किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आहे. २०२२ च्या दुरुस्तीने किमान दंडही पंचवीस हजार रुपये केला आहे. हत्यार व वाहन सरकारजमा होते ते वेगळेच. म्हणजे "कमी खर्चात शिकारीचा आरंभ कसा करावा" या प्रश्नाचे सरकारी उत्तर असे की, आरंभच तीन वर्षांपासून होतो. पण आम्ही कायद्याच्या आड लपून वाद जिंकू इच्छीत नाही. कायदे माणसेच करतात व माणसेच बदलतात. हा कायदा बदलावा अशीच ज्यांची मागणी आहे, त्यांना कायद्याचे कलम दाखविणे हे उत्तर नव्हे. तेव्हा मागणी मुळातच युक्त आहे काय, हे पाहिले पाहिजे.

या मागणीचा प्राण "स्वस्त" या एका शब्दात आहे. शिकार स्वस्त होते म्हणजे काय होते? चांगली बंदूक, तिचा परवाना, काडतुसे, नेमबाजीचा सराव, या सर्वांना पैसा लागतो आणि वेळ लागतो. ज्याला हा खर्च टाळावयाचा असतो तो रात्रीच्या अंधारात मोटारीच्या दिव्याने जनावराचे डोळे दिपवितो. ज्याला तेही परवडत नाही तो वाघूर लावतो, फासा लावतो, कुत्री सोडतो. आणि ज्याला याहूनही थोड्यात भागवावयाचे असते तो शेताच्या बांधावर तार टाकून तिच्यात विजेचा प्रवाह सोडतो. सरावलेल्या नेमबाजाच्या गोळीने प्राणी एका क्षणात मरतो. फाशात अडकलेला प्राणी रात्रभर मरत असतो. विजेच्या तारेला तर हरीण कोणते, डुक्कर कोणते आणि पहाटे पाणी धरावयास निघालेला सालगडी कोणता, हेही ओळखता येत नाही; अशा तारांना चिकटून महाराष्ट्रात माणसे मेली आहेत. शिकारीचा खर्च कमी होत नाही, तो शिकाऱ्याच्या खिशातून निघून दुसऱ्याच्या अंगावर पडतो. शिकार जितकी स्वस्त तितकी ती क्रूर, हा नियम आम्हास तरी निरपवाद दिसतो.

यावर कोणी म्हणेल की, मग महागडी शिकार चांगली होती काय? मुळीच नव्हे. संस्थानिकांच्या शिकारीचा इतिहास आमच्यासमोर आहे. काळवीट धरण्यासाठी चित्ते पाळण्याचा षोक आपल्या कोल्हापूर दरबारातही होता. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर न्यावयाचा, कळप दिसताच पट्टी काढून त्याला सोडावयाचे, अशी ती रीत. पुढे पुढे देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा ते आफ्रिकेतून आणण्याची पाळी आली. तरी हौस आवरली नाही. १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. त्यानंतर भारतात रानटी चित्त्याची खात्रीलायक नोंद मिळाली नाही, आणि १९५२ साली सरकारने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले. २०२२ साली नामिबियातून चित्ते आणून कुनोच्या अरण्यात सोडावे लागले. मूठभर राजेरजवाड्यांच्या हौसेने, तीही खर्चाची व इतमामाची बंधने पाळणाऱ्या हौसेने, जर एक जात देशातून पुसली गेली, तर तीच हौस घरोघर स्वस्तात वाटल्यास काय उरेल? राजांचा हक्क अन्यायाचा होता म्हणून तो सर्वांस वाटून देणे याला लोकशाही म्हणत नाहीत. लोकशाहीने तो हक्कच काढून घेतला, यातच तिची शोभा आहे.

स्वस्त शिकार करणारा एक वर्ग आमच्या समाजात पूर्वापार होता आणि त्याचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. तो म्हणजे फासेपारधी. घोड्याच्या वा जनावरांच्या केसांचे, तातीचे फासे हीच त्याची पुंजी. आणि शिकार ही त्याची हौस नव्हती, ती भाकरी होती. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी नोंदून ठेवले आहे की, फाशात गाभण मादी वा लहान पाडस सापडले तर ते सोडून देण्याची रीत या लोकांत होती. ज्यांना पाटीपेन्सिल मिळाली नाही त्यांना उद्याच्या कळपाची एवढी जाण होती! आणि आम्ही त्यांना काय दिले? १८७१ च्या कायद्यान्वये इंग्रज सरकारने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याचा प्रघात पाडला आणि पारधीही त्यात सापडले. तो कायदा १९५२ साली गेला, पण शिक्का अजून पुसला गेलेला नाही. आज माळावर रक्त सांडलेले दिसले की पहिले बोट पारध्याच्या पालाकडे वळते. पोटासाठी फासा लावणारा तो गुन्हेगार, आणि हौसेसाठी परवाना मागणारे आम्ही मात्र सुसंस्कृत! ही तराजूची दांडी कोणत्या न्यायाने धरली आहे, हे सिद्धान्तकर्त्यांनी सांगावे.

राहिला अमेरिकेचा दाखला. परदेशचे उदाहरण अर्धे देणे ही आमच्या इंग्रजी शिक्षणाची जुनी खोड आहे. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात शिकार खरोखरच स्वस्त आणि मोकळी होती. त्याचा परिणाम म्हणून हरणे अनेक प्रांतांतून दिसेनाशी झाली. मग १९०० साली लेसी कायदा आला, रानातील जनावरांच्या मांसाच्या व्यापारावर बंधने आली, हंगाम ठरले, माणशी किती मारावयाची याची मर्यादा ठरली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संवर्धनाकडे वळविले. आज तेथील कारकून जे हरीण स्वस्तात मारतो, त्याच्या मागे शंभर वर्षांची ही शिस्त, मोजदाद आणि करभरणी उभी आहे. शिवाय तेथे लांडग्यांचा बहुतेक प्रदेशांतून उच्छेद झाल्यामुळे हरणांची संख्या बेसुमार वाढली आहे. आमच्याकडे परिस्थिती नेमकी उलटी. कर्जत तालुक्यात काळविटांसाठी १९८० साली रेहेकुरीचे अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. बाकीचे कळप कोणाच्या ना कोणाच्या शेतात आणि गायरानातच जगत आहेत. अमेरिकेची बंदूक मागावयाची आणि तिची शिस्त व तिचा कर मात्र आगबोटीवरच ठेवून यावयाचे, हा व्यवहार नव्हे.

आता शेतकऱ्याचा मुद्दा. हा एकच मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच त्याचा हौसेखातर झालेला उपयोग आम्हास अधिक चीड आणतो. सोयाबीन दोन पानांवर आले की रात्रीत कळप येतो व सकाळी तासेच्या तासे खुडलेली दिसतात. बियाणे उसनवारीचे, पावसाची खात्री नाही, आणि दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर. ज्या जिल्ह्यातून लक्षावधी माणसे दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, तेथे एका एकराचे नुकसान म्हणजे काय, हे शहरातील प्राणिमित्रांनी समजून घेतले पाहिजे. इतर कित्येक प्राण्यांच्या बाबतीत उभ्या पिकाच्या रक्षणासाठी शिकारीची लेखी परवानगी देण्याची सोय कायद्यात आहे. पहिल्या अनुसूचीतील काळविटाच्या बाबतीत ती नाही. म्हणजे राष्ट्राने काळवीट राखावयाचे ठरविले आणि त्याच्या चाऱ्याचा खर्च मात्र दिंद्रुडच्या कोरडवाहू शेतकऱ्यावर टाकला. हा उघड अन्याय आहे.

परंतु या अन्यायावर तरुणांच्या बंदुका हा उपाय आहे काय? हौशी शिकारी शनिवारी रात्री येणार, माळावरचा एक देखणा नर मारणार, छायाचित्र काढून निघून जाणार. सोमवारी उरलेला कळप पुन्हा त्याच शेतात! पीक राखावयाचे तर रोज राखावे लागते, आणि ते काम हौसेने होत नाही. नुकसानीची भरपाई देण्याची तरतूद राज्याने केली आहे. पण अर्ज, पंचनामा आणि खात्याखात्यांतील फेऱ्या यांत शेतकऱ्याचे दिवस मोडतात. ही भरपाई पुरेशी व्हावी आणि पुढच्या पेरणीपूर्वी हातात पडावी, अशी मागणी का होत नाही? २०२५ साली मध्य प्रदेशात शाजापूरच्या बाजूस हेलिकॉप्टरच्या साहाय्याने शेकडो काळविटे एका मोठ्या कुंपणात वळवून धरली आणि सुरक्षित रानांत नेऊन सोडली. खर्च सरकारने केला, शेतकऱ्याने नव्हे. जे शाजापूरला होऊ शकते ते माजलगावास का होऊ नये, हा प्रश्न आमच्या लोकप्रतिनिधींना विचारण्यास बंदुकीचा परवाना लागत नाही.

आणखी एक देणेकरी या हिशेबात राहून जातो, तो म्हणजे धनगर. या पठारी माळांवर काळविटाचा खरा शिकारी लांडगा आहे. काळवीट संपले म्हणून लांडगा उपोषण करीत नाही. तो मेंढराच्या कळपावर येतो. म्हणजे तरुणाने स्वस्तात मारलेल्या हरणाचे पैसे अखेर मेंढपाळ कोकराच्या रूपाने मोजतो.

मार्च २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात वनखात्याने एका घरावर छापा घातला, शिकारीचे साहित्य व वाळविलेले मांस सापडले, अशा बातम्या आल्या. त्या प्रकरणाचा न्यायनिवाडा करणे आमचे काम नव्हे. पण त्यानंतर जी चर्चा माजली ती मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. आरोपी कोणत्या पुढाऱ्याचा, कोणत्या जातीचा, यावर दिवसच्या दिवस खल झाला. हरणांचा माळ कोणी नांगरला, गायरान कोणी बळकावले, जखमी पाडसाला औषधपाणी कोण करते, याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. त्याच तालुक्यात तागडगाव येथे 'सर्पराज्ञी' नावाचे केंद्र जखमी वन्य जिवांची शुश्रूषा करीत आले आहे. हौसेला मार्ग हवा असलेल्या किती पदवीधरांनी तेथे जाऊन एक दिवस काढला?

कमी खर्चात आरंभ करावयाचाच असेल तर त्याचाही मार्ग आहे. कुमाऊंच्या रानांत नरभक्षक मारून नाव मिळविलेल्या जिम कॉर्बेटने पुढे बंदुकीपेक्षा छायाचित्रणाचे यंत्र अधिक जवळ केले. त्याला कोणी भित्रा म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही. वारा पाहून चालणे, माग ओळखणे, तास न् तास स्तब्ध बसणे, कळपाच्या दोनशे पावलांत जाऊनही त्याला न बुजविणे, या सर्व कला शिकाऱ्याच्याच आहेत, आणि त्यांना लागते ती एक साधी दुर्बीण व पहाटे उठण्याची तयारी. ज्यांना हे पुरेसे वाटत नाही, ज्यांना रक्त सांडल्यावाचून पराक्रमाचे समाधान होत नाही, त्यांनी निदान शेतकऱ्याचे नाव घेणे सोडावे. आपली हौस आपल्या नावावर मांडावी, आणि मग तिची संपूर्ण किंमत, मादीमागे राहिलेल्या पाडसापासून धनगराच्या कोकरापर्यंत, एकदा कागदावर लिहून काढावी. इतका हिशेब झाल्यावरही शिकार स्वस्त वाटली, तर आमचा युक्तिवाद आम्ही मागे घेऊ.