धूळ अडवा, धरून ठेवू नका

पावसाळा तोंडावर आला की पंक्चरच्या दुकानातल्या बाद ट्यूबलाही गिऱ्हाईक मिळू लागतं. कुणी मोटरसायकलच्या पुढच्या मडगार्डला तिची पट्टी जोडून घेतो, कुणी शॉकअपच्या चकचकीत नळीवर ती चढवतो. कुणी चेनवर इंजिनातून काढलेलं काळं ऑइल ओततो, तर कुणी एअर फिल्टरच्या तोंडावर फडकं बांधतो. शोरूमवाले या सगळ्यालाच जुगाड म्हणून नाकं मुरडतात आणि फुकटात काम झालं म्हणून गाडीवाले खूश होतात. दोघांचाही निकष चुकतो. उपाय घरचा की विकतचा, हे गौण आहे. तो घाणीला यंत्रापर्यंत पोचण्याआधीच अडवतो, की पोचलेली घाण तिथंच धरून ठेवतो, हे पाहायला हवं.

काळ्या ऑइलचंच घ्या. त्यात काजळी असते, झिजलेल्या धातूचा कीस असतो. उघड्या चेनवर ते ओलं राहतं आणि रस्त्यावरची बारीक वाळू त्याला चिकटते. वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोहस मापनात ७ आहे. साधं पोलाद त्याहून मऊ. गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासून बसवायला जी ग्राइंडिंग पेस्ट वापरतात, तीही वंगणात खर मिसळूनच केलेली असते. म्हणजे वंगण समजून आपण चेनला घासायचं औषधच पाजतो. ‘आमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं हेच केलं, काही बिघडलं नाही,’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. ते खोटं नाही. पण त्या काळच्या बहुतेक गाड्यांची चेन पत्र्याच्या बंद कव्हरात फिरायची. वाळू आत जातच नव्हती. श्रेय कव्हरचं होतं, ते ऑइलला मिळालं. शिवाय वापरलेलं ऑइल केंद्र सरकारच्या २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. चेनवरून गळून ते शेवटी मातीत आणि गटारातच जातं.

याउलट मडगार्डची रबरी पट्टी बघा. पुढचं चाक चिखल थेट इंजिनावर फेकतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पात्यांमध्ये तो वाळला की उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो. पट्टी तो वाटेतच झेलते; मात्र ती चाकाला घासता कामा नये आणि इंजिनाची हवाही तिनं अडवू नये. शॉकअपवरच्या ट्यूबचं काम जरा नाजूक. खाली पाणी निचरायला भोक ठेवलं नाही, तर चिखलाचं पाणी आत साचतं, क्रोमला गंज धरतो आणि त्या खडबडीत नळीवर ऑइल सील फाटतं. अडवणारी वस्तूही निचऱ्याविना घाण धरून ठेवू लागते. फिल्टरवरचं फडकं धूळ अडवतं खरं, पण इंजिनाचा श्वासही कोंडतं. तिथं वेळच्या वेळी फिल्टर बदलण्याला पर्याय नाही.

‘कंपनीचे इंजिनिअर काय वेडे आहेत? गरज असती तर त्यांनीच नसतं का दिलं?’ हा आक्षेप वजनदार आहे. पण गाडीचा आराखडा ठरताना टिकाऊपणाबरोबर किंमत, वजन आणि दिसणंही तोललं जातं. आखूड मडगार्ड आणि उघडी चेन ऐटबाज दिसते, म्हणून खपते. उसाच्या ट्रॉल्यांनी चिखल पसरलेल्या रस्त्यावरून रोज दूध घालायला जाणाऱ्याची किंवा दिवसभर पार्सलं पोचवणाऱ्या पोराची गरज वेगळी आहे. त्यानं पट्टी जरूर लावावी. चेन फडक्यानं पुसून तिला गिअर ऑइल लावावं आणि वरचं जास्तीचं ऑइल टिपून घ्यावं. काळं ऑइल मात्र गॅरेजच्या पिंपातच राहू द्यावं. आणि कंपन्यांनी लांब मडगार्ड व बंद चेनकव्हर निदान जादा पैसे घेऊन तरी प्रत्येक मॉडेलला द्यावं. तोवर जुगाडाला हसण्याचा अधिकार त्यांना नाही.