स्टेरॉइडची नोंद ठेवा

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या तिवसा तालुक्यातून हे पत्र आहे. इथली घरे कपाशी, संत्रा आणि मजुरीवर चालतात. गुडघे धरले, दम लागला, जांघेत गजकर्ण उठले, तर माणूस आधी मेडिकलवर जातो. मजुरी बुडवून अमरावती गाठणे परवडत नाही. मेडिकलवरून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जे हातात पडते त्यात प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा क्लोबेटासोलचे मलम असू शकते. ही स्टेरॉइडे वाईट आहेत, असे माझे म्हणणे नाही. कोणी, किती दिवस घेतली याची नोंद कुठेच राहत नाही, खरा धोका तो आहे.

१९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी सांधेवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली; १९५० मध्ये या कामाला नोबेल मिळाले. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रोजच्या ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्याच चाचणीत ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना काहीच लाभ दिसला नाही. तरी २०२१ च्या लाटेत अशांनाही, जास्त मात्रेत, साखर न तपासता स्टेरॉइड दिले गेले आणि काळ्या बुरशीला त्याने वाट करून दिली. औषध एकच, फरक फक्त मात्रा, मुदत आणि देखरेखीचा.

देखरेख का लागते, ते शरीरातच दिसते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडते, तेव्हा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. तेच काम गोळीने होऊ लागले की पीयूष ग्रंथी गप्प होते आणि काही आठवड्यांत अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. रुग्णाचे दुखणे थांबलेले असते, चेहरा गोल भरलेला असतो, घरचे म्हणतात तब्येत सुधारली. आतून साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. मग पैसे संपतात, गोळी एकाएकी बंद होते, किंवा ताप येतो, ऑपरेशन निघते. आक्रसलेल्या ग्रंथींना पुरेसे कॉर्टिसॉल बनवता येत नाही; रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांना तो काय घेत होता हे ठाऊक नसते, आणि त्यालाही सांगता येत नाही, कारण त्याच्या लेखी ती फक्त 'गुडघ्याची गोळी' होती.

कायदा आहे, असे आपण म्हणाल. पोटात घेण्याची स्टेरॉइडे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आहेत, २०१८ मध्ये स्टेरॉइड मलमांचाही त्यात समावेश झाला. पण चिठ्ठीशिवाय विकू नये ही पाकिटावरची सूचना बारीक इंग्रजीत असते आणि ते पाकीटही रुग्णाकडे जात नाही. कातरलेल्या पट्टीतल्या चार गोळ्या जातात. शेड्यूल एच-१ मधल्या औषधांसाठी मात्र वेगळी वही असते, रुग्ण व डॉक्टर यांची नावे, औषध आणि प्रमाण लिहून ती ३ वर्षे जपावी लागते. स्टेरॉइडलाही हाच नियम लावा.

वहीचा बोजा पडेल, ही दुकानदारांची तक्रार टिकत नाही. तीच वही ते आज इतर औषधांसाठी लिहितात. गावात डॉक्टर कमी, सक्ती केली तर गरिबांचे औषध तुटेल, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. दम्याच्या रुग्णाची गोळी धाड टाकून थांबवली, तर त्याच्याच जिवावर बेतेल. म्हणून सुरुवात छाप्यांनी करू नका. आधी नोंद होऊ द्या, आणि वहीत महिनोन्महिने तेच नाव दिसले तर त्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात पाठवून मात्रा हळूहळू उतरवण्याची सोय करा. शेड्यूल बदलणे केंद्राच्या हाती आहे हे खरे. तशी शिफारस करणे आपल्या हाती आहे. तोवर प्रत्येक मेडिकलने गोळीबरोबर मराठीत छापलेली चिठ्ठी द्यावी, असे आवाहन तरी आपण आजच करू शकता: 'हे स्टेरॉइड आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, एकदम बंद करू नका. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर ही चिठ्ठी दाखवा.'

आपला,
तिवसा तालुक्यातील एक नागरिक