कळसूबाईची वाट

आम्ही दोघे कळसूबाई चढायला निघालो, तेव्हा चाळीतले शेजारी हसले. त्यांचे काही चुकले नाही. आमच्यातल्या एकाची ३६ वर्षे कारखान्यात मशीनसमोर उभे राहण्यात गेली आणि दुसरीची २२ वर्षे लोकांच्या घरची धुणीभांडी करण्यात. एकाचे वय ६३, दुसरीचे ५९. डोंगर पाहिला तो एसटीच्या खिडकीतून. "या वयात कशाला?" असे मुलानेही विचारले. खरे सांगायचे तर उत्तर आमच्याकडेही नव्हते.

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ ५४०० फूट. अकोले तालुक्यातले बारी हे त्याच्या पायथ्याचे गाव. मुंबईहून लोकलने कसारा आणि तिथून पुढे जीपने घोटीमार्गे बारीला जाता येते. आम्ही थंडीचे दिवस निवडले. डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घेतला. आदल्या रात्री गावातच मुक्काम केला आणि दिवस उगवण्याआधी निघालो. सोबत भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे, भरपूर पाणी आणि दोन काठ्या.

सुरुवातीला शेताच्या बांधावरून वाट जाते, मग चढ लागतो. तरुण मुले भराभर पुढे जात होती. आम्ही शंभर पावले चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे असा नियम केला. त्याने दम टिकला.

वाटेत लिंबूपाणी विकणाऱ्या एका मावशींनी कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली ती अट घालूनच, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एके दिवशी घरी पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली, पण त्यानंतर डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली आली नाही.

गोष्ट ऐकून ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती एकदाच घासून निघाली. मला यायला २२ वर्षे लागली."

पुढे कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या आल्या. इथे आमच्यातल्या पुरुषाचे पाय लटपटले. खाली दरी दिसली आणि हात कठड्याला चिकटून बसले. "आपण इथूनच फिरू," असे तोंडातून निघून गेले. तेव्हा ही पुढे झाली आणि म्हणाली, "अहो, खाली बघू नका. माझ्या पाठीकडे बघत या." लग्नाला ३८ वर्षे झाली. बाजारात, लग्नकार्यात, मोर्चात ही नेहमी मागून चालली, काखेत मूल आणि हातात पिशवी घेऊन. त्या दिवशी ती पुढे होती. बाकीच्या शिड्या आम्ही तशाच चढलो.

साडेचार तासांनी माथ्यावर पोचलो. तिथे कळसूबाईचे लहानसे देऊळ आहे. आम्ही नवस बोलायला गेलो नव्हतो. पण ज्या कामकरी पोरीने आपला शब्द मोडू दिला नाही, तिच्या नावाच्या डोंगरावर उभे राहून मन भरून आले. खाली भंडारदऱ्याचे पाणी चमकत होते. समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. आम्ही भाकरी सोडली. तशी चव घरात कधी लागली नव्हती.

उतरताना गुडघे जास्त बोलतात, हे ध्यानात ठेवावे. घाई करू नये, काठी सोडू नये. पावसाळ्यात दगड निसरडे होतात. आपल्या वयाच्या माणसांनी तेव्हा जाऊ नये.

"या वयात कशाला?" याचे उत्तर आता आमच्यापाशी आहे. जन्मभर हे पाय पोटासाठी दुसऱ्यांचे जिने चढले. एकदा तरी ते आपल्यासाठी चढावेत म्हणून. कळसूबाईच पाहिजे असे नाही, गावामागची टेकडी असली तरी चालेल. मात्र दोघांनी मिळून जावे.

घरी आल्यावर त्या रात्रीची भांडी कोणी घासली, ते इथे लिहीत नाही. ही मात्र लवकर झोपली होती.